आण्णा, कंपनी माणूस असते का?

रेडमंड, ३० मार्च २०२४

ती. आण्णा आणि आई यांना सा. न. वि. वि.

आण्णा, रविवारी कॉलवर तुम्ही विचारलंत की तुमच्या अमेरिकेत कंपन्या निवडणुकीत करोडो डॉलर ओततात ते कायदेशीर, आणि आमच्याकडे पक्षांना देणगी द्यायला निवडणूक बाँड घेतले तर घटनाबाह्य, हा कुठला न्याय, आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात आईने बेदाण्याच्या शेडचा विषय काढला आणि मग ते राहूनच गेलं. तसंही ते कॉलवर बोलण्यासारखं नाही, लांबण आहे. म्हणून लिहायला बसले. ओमला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, तुमच्या चष्म्याचा नंबर वाढलाय ना.

तर बघा, हा प्रश्न माझ्या समोर चक्क मतपत्रिकेवर छापून आला होता. २०१६ ला. मी नागरिक झाल्यानंतरचं ते माझं पहिलं मोठं मतदान, ट्रम्प आणि हिलरीचं. आमच्या वॉशिंग्टन राज्यात मतदान केंद्र वगैरे भानगड नाही, शाई नाही, रांग नाही. साधारण तीन आठवडे आधी पोस्टाने पाकीट येतं, घरी बसून गोल काळे करायचे, पाकिटावर सही करायची आणि पोस्टात किंवा लायब्ररीपाशी वगैरे मोठी पेटी असते तिच्यात टाकायचं. आणि पाकिटाच्या आधी येतं ते चोपडं. सरकारने छापलेलं, घरटी एक, फुकट. त्यात उमेदवारांची माहिती असतेच पण त्याहून मजेचं म्हणजे इनिशिएटिव्ह. म्हणजे असं की तुम्हाला एखादा कायदा हवाय आणि आमदार करत नाहीत, तर लोकांच्या सह्या गोळा करा, त्या वर्षी जवळजवळ अडीच लाख लागत होत्या, तेवढ्या पक्क्या भरल्या की तो कायदा थेट, नाहीतर आधी आमदारांपुढे जाऊन त्यांनी केला नाही तर मग, लोकांच्या मताला जातो. चोपड्यात प्रत्येक इनिशिएटिव्हचा पूर्ण मसुदा, सरकारच्या तिजोरीवर किती बोजा पडेल त्याचा हिशोब, बाजूने काय म्हणणं, विरोधात काय, आणि वर एकमेकांना उत्तरं. आण्णा, तुम्ही असतात तर पेन्सिल घेऊन समासात खुणा करत वाचलं असतंत.

त्यातलं एक इनिशिएटिव्ह ७३५. त्याच्या सह्या गोळा करणारी माणसं मला आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून ठाऊक होती, म्हणजे तोंडओळख, दर शनिवारी भाजी बाजाराच्या दाराशी क्लिपबोर्ड घेऊन उभी असायची, बरीचशी रिटायर्ड मंडळी. भाड्याने आणलेली नव्हती बहुतेक, नाहीतर इथे सहीमागे पैसे घेऊन सह्या गोळा करणारेही असतात, तो एक धंदाच आहे. एका आजीबाईंनी मला थांबवून विचारलं होतं, कंपनी माणूस आहे का गं? मी म्हटलं नाही. त्या म्हणाल्या मग इथे सही कर. झालं. अशा तीन लाखांच्या वर सह्या त्यांनी भरल्या.

मसुद्याचा सारांश असा की वॉशिंग्टन राज्यातून जे खासदार दिल्लीला, सॉरी, डीसीला जातात त्यांना राज्याच्या जनतेने आग्रहाची विनंती करायची, काय, तर अमेरिकेच्या घटनेत दुरुस्ती मांडा. दुरुस्तीत असं हवं की घटनेतले हक्क फक्त हाडामांसाच्या माणसांना, कंपन्यांना नाही. पैसे खर्च करणं म्हणजे बोलणं नव्हे. निवडणुकीतल्या देणग्या आणि खर्च यांच्यावर मर्यादा घालायचा सरकारला पूर्ण अधिकार. आणि कोणी किती दिले ते ताबडतोब जाहीर करायचं. विनंती हा शब्द लक्षात ठेवा, त्याच्यावर मी परत येणार आहे.

आता तुम्ही म्हणाल कंपन्यांना घटनेतले हक्क मिळालेच कसे. ती गोष्ट फार गमतीची आहे आणि ती घडली कुठे तर सांता क्लारा काउंटीत, म्हणजे आपला नितीनदादा सनीवेलला राहतो ना तीच काउंटी, आज जिथे दर दोन घरं सोडून मराठी माणूस. तेव्हा तिथे फळबागा होत्या आणि सदर्न पॅसिफिक रेल्वे होती, आणि काउंटीने रेल्वेच्या कुंपणावर टॅक्स लावला म्हणून भांडण सुप्रीम कोर्टात गेलं. १८८६ साल. घटनेची चौदावी दुरुस्ती म्हणजे गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना समान संरक्षण मिळावं म्हणून १८६८ ला केलेली. रेल्वेचे वकील म्हणाले ती आम्हालाही लागू. निकालाच्या मजकुरात कोर्टाने त्याच्यावर काही ठरवलंच नाही, कुंपणाचं प्रकरण दुसऱ्याच मुद्द्यावर निकाली काढलं. पण कोर्टाचा जो रिपोर्टर, निकालांची पुस्तकं छापणारा, बँक्रॉफ्ट डेव्हिस त्याचं नाव, त्याने निकालाच्या डोक्यावर सारांशात लिहून टाकलं की मुख्य न्यायाधीशांनी सुनावणीच्या सुरुवातीलाच सांगितलं होतं, ही दुरुस्ती कंपन्यांना लागू आहे असं आम्हा सगळ्यांचं मत आहे, त्यावर युक्तिवाद नको. आणि हे डेव्हिस साहेब स्वतः पूर्वी एका छोट्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष होते! पुढे वकील लोक तोच सारांश दाखवत गेले आणि तो पक्का होत गेला. एखाद्या कारकुनाने शेरा मारला आणि पुढच्या शंभर वर्षांचे फेरफार त्याच्यावर झाले, तुम्हाला नोकरीत असे शेरे भेटले असतीलच.

तुम्हाला हे पटायला जड जाणार नाही कारण तुम्ही तीस वर्षं तलाठी होतात. आपल्या खंडोबाच्या नावावर जमीन आहे की नाही? देवस्थान इनाम, वर्ग ३. सातबाऱ्यावर मालक कोण, तर देव. गुरव नुसता वहिवाटदार. देव कोर्टात दावा लावू शकतो, त्याच्यावर दावा लागू शकतो, कायद्याच्या नजरेत तो व्यक्ती आहे, आणि ते गरजेचंही आहे कारण नाहीतर ती जमीन कधीच कोणीतरी गिळली असती. तसंच कंपनीचं. करार करायला, जमीन घ्यायला, कोणी फसवलं तर कोर्टात खेचायला कंपनीला व्यक्ती मानावंच लागतं, इथपर्यंत कोणाचंच भांडण नाही. भांडण पुढचं आहे. खंडोबा सरपंचाच्या निवडणुकीत पॅनेल उभं करत नाही. तिथे उद्या गुरव म्हणाला की देवाची इच्छा आहे अमक्याला निवडून द्यायची आणि देवस्थानच्या उत्पन्नातून प्रचाराच्या जीपगाड्या फिरवायला लागला तर गावात काय होईल? तर इथे तेच चालतं आणि गुरवाच्या जागी कंपनीचे सीईओ असतात.

हे एकदम झालं नाही. आधी १९७६ ला बकली नावाच्या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की उमेदवाराला थेट देणगी द्यायला मर्यादा घालता येईल पण स्वतंत्रपणे खर्च करायला नाही, कारण आजच्या काळात चार लोकांपर्यंत बोलणं पोचवायचं तर पैसा लागतोच, म्हणून खर्चावर बंधन म्हणजे बोलण्यावर बंधन. मग १९७८ ला बॉस्टनच्या एका बँकेच्या केसमध्ये म्हणालं की अशा जनमताच्या प्रश्नांवर कंपन्यांनाही खर्च करता येईल. आणि मग २१ जानेवारी २०१०, सिटिझन्स युनायटेड. ही एक संस्था, तिने हिलरीवर टीका करणारी फिल्म काढली होती आणि २००८ च्या निवडणुकीआधी ती टीव्हीवर दाखवायला कायद्याची आडकाठी आली. कोर्टाने फिल्मपुरतं बोलून थांबायचं तर ५ विरुद्ध ४ ने सगळ्याच कंपन्या आणि युनियन्सना मोकळं केलं, उमेदवाराशी संगनमत नसेल तर हवा तेवढा खर्च करा. बहुमताचा निकाल केनेडींनी लिहिला. विरोधात स्टीव्हन्स नावाचे न्यायमूर्ती होते, जवळजवळ नव्वद वर्षांचे, त्यांनी नव्वदेक पानांचा विरोधी निकाल लिहिला, कंपन्या मत देऊ शकत नाहीत, निवडणूक लढवू शकत नाहीत, आपल्या समाजाचे घटक आहेत पण सभासद नाहीत असा साधारण त्यातला सूर. तुम्ही जे सुपर पॅक सुपर पॅक वाचता ना लोकसत्तात, उमेदवाराला थेट न देता त्याच्यासाठी हवा तेवढा खर्च करणाऱ्या समित्या, ते त्याच वर्षी या निकालाच्या आधाराने आलेल्या दुसऱ्या एका निकालातून निघाले.

एक गोष्ट मात्र नीट सांगते, कारण तुमचा गैरसमज तोच आहे. कंपनीने आपल्या गल्ल्यातून खासदारकीच्या किंवा प्रेसिडेंटच्या उमेदवाराला थेट पैसे देणं इथे आजही गुन्हा आहे, १९०७ पासून. म्हणून मग कंपन्या आपल्या नोकरांकडून वर्गणी काढून समिती चालवतात. आमच्या ऑफिसातही दरवर्षी मेल येतो, पगारातून कापून घेऊ का म्हणून, ऐच्छिक आहे, मी देत नाही, मॅनेजर काही बोलत नाहीत. पण उमेदवाराला न देता उमेदवारासाठी जाहिराती करायच्या तर मोकळं रान.

तर मी ७३५ वर काय केलं? सचिन आणि मी दोन संध्याकाळ भांडलो त्याच्यावर. सचिनचं म्हणणं, आणि चोपड्यातही विरोधकांनी साधारण तेच लिहिलं होतं, की अगं वर्तमानपत्र पण कंपनीच असते, घटनेतला बोलण्याचा हक्क फक्त माणसाला म्हटलं तर उद्या सरकार छापखान्याला कुलूप लावेल आणि म्हणेल संपादकाने घरी बसून हवं ते बोलावं. कामगार युनियन, चर्च, आपलं महाराष्ट्र मंडळ, सगळ्या संस्थाच. आणि पैसा म्हणजे बोलणं नाही म्हणतेस तर मग उद्या पत्रकं छापायला पैसे खर्च करायची बंदी आली की काय करशील, हाताने लिहून वाटशील? मला त्याला पूर्ण उत्तर देता आलं नाही आणि अजूनही येत नाही. ७३५ चा पहिला भाग, कंपनी माणूस नव्हे हा, मला मान्य, पैशाचा दुसरा भाग फार सैल लिहिलाय असं तेव्हाही वाटलं. पण मी हो वर काळं केलं, कारण ही दुरुस्ती नव्हती, दुरुस्ती करा असं सांगणं होतं, शब्द नीट करायला वाव होता. सचिनने नाही वर केलं. एकाच घरातून एक हो एक नाही, म्हणजे आमची मतं एकमेकांना खाऊन बसली.

आता खरी गंमत ऐका आण्णा, जी मला आजही कुठे नीट लिहिलेली दिसत नाही. त्याच मतपत्रिकेवर आणखी एक इनिशिएटिव्ह होतं, १४६४ नंबरचं. ते विनंती करत नव्हतं, काम करत होतं. राज्यातल्या प्रत्येक मतदाराला ५० डॉलरची तीन क्रेडिट द्यायची, आवडेल त्या उमेदवाराला द्या, पैसा सरकार देणार, म्हणजे उमेदवाराला शेठ लोकांच्या दारात जायची गरज कमी. लॉबी करणाऱ्यांवर बंधनं, देणग्या उघड करायचे कडक नियम. आणि पैसा कुठून, तर शेजारच्या ओरेगन वगैरे राज्यांतून खरेदीला येणाऱ्यांना सेल्स टॅक्स माफ होता ती सवलत काढून. म्हणजे आमच्या खिशाला थेट फारशी झळसुद्धा नव्हती.

निकाल काय लागला सांगते. ७३५, विनंतीवाल्याला, जवळजवळ ६३ टक्के. १४६४, कामवाल्याला, ४६ टक्के, पडलं. तीच माणसं, तोच कागद, तेच काळं पेन. मी दोन्हीला हो केलं होतं. आमच्या ऑफिसमधली सरिता, ७३५ ला हिरिरीने हो करणारी, तिला विचारलं १४६४ ला नाही का केलंस, तर म्हणाली माझ्या टॅक्सचे पैसे त्या भामट्यांच्या प्रचाराला का देऊ. म्हणजे मोठ्या पैशाने राजकारण नासतं हे सगळ्यांना मान्य, बाहेरच्याला हाकला म्हणायला सगळे तयार, पण मग प्रचाराचा खर्च कोणी करायचा म्हटलं की जो तो छताकडे बघतो. वर १४६४ च्या प्रचारालाही मोठ्या देणगीदारांचेच पैसे आलेले, त्यावरूनही लोकांनी नाकं मुरडली.

बरं, त्या विनंतीचं काय झालं? त्याच दिवशी सिएटलमधून प्रमिला जयपाल निवडून आल्या, चेन्नईत जन्मलेल्या. त्या अशी घटनादुरुस्ती संसदेत मांडत आल्यात, कंपन्यांना घटनेतले हक्क नाहीत आणि पैसा म्हणजे बोलणं नाही, ७३५ सारखीच. ती एकदाही सभागृहाच्या मताला आलेली नाही. त्याच्या आधी २०१४ ला सिनेटमध्ये जरा मवाळ दुरुस्ती आली होती, ५४ विरुद्ध ४२, चर्चा पुढे न्यायला ६० लागतात तिथेच अडकली. आणि समजा अडकली नसती तरी पुढे दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश, मग ५० पैकी ३८ राज्यं. आमच्यासारख्या विनंत्या मोंटानाने २०१२ ला केल्या, कॅलिफोर्नियाने आमच्याच दिवशी केली. मोंटानाचं तर जास्त वाईट वाटतं. तिथे तांब्याच्या खाणींचे मालक एकेकाळी अख्खं राज्य खिशात घालून होते, क्लार्क नावाच्या एकाने आमदारांना पैसे चारून सिनेटची जागा मिळवली होती, त्याला वैतागून लोकांनीच १९१२ ला कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदीचा कायदा मताला टाकून पास केला. शंभर वर्षं टिकला. २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सिटिझन्स युनायटेडचा दाखला देऊन तो रद्द केला, सुनावणीसुद्धा घेतली नाही.

मग वाटतं की सगळंच फुकट. पण तसं नाहीये, आणि हेच मला तुम्हाला सांगायचं होतं. या राज्यात जे खरोखर चाललं ते फार साधं आणि कंटाळवाणं आहे, १९७२ चा एक कायदा, तोही इनिशिएटिव्हनेच आलेला, ७२ टक्के मतांनी. तो काय म्हणतो, देणगी दिलीत तर नाव सांगा. बस. त्यासाठी एक आयोग आहे, त्याच्या साइटवर जाऊन मी आत्ता तुम्हाला सांगू शकते की आमच्या नगरसेवकाला कोणी किती दिले, देणाऱ्याचा धंदा काय.

त्या कायद्याने काय होतं त्याचं उदाहरण. २०१३ ला इथे जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या, पिकांपासून केलेल्या खाण्यावर तसं लेबल लावा असं इनिशिएटिव्ह होतं, ५२२. त्याच्या विरोधात दोन कोटी डॉलरच्या वर पैसा आला, बहुतेक सगळा राज्याबाहेरून. किराणा मालाच्या बड्या कंपन्यांची एक संघटना आहे, तेव्हा तिचं नाव ग्रोसरी मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन. त्यांनी काय केलं, पेप्सी कोक नेस्ले वगैरे सभासदांकडून वेगळी वर्गणी काढली आणि ती संघटनेच्या नावाने दिली, म्हणजे कोकचं नाव कुठे यायला नको, नाहीतर गिऱ्हाईक विचारेल की लेबलला का घाबरता. राज्याच्या ॲटर्नी जनरलने, बॉब फर्ग्युसनने, केस घातली. मतदानाच्या आधीच नावं बाहेर आली. ५२२ तरी पडलंच, ५१-४९ असं काहीतरी, पण कोर्टाने २०१६ ला त्या संघटनेला एक कोटी ऐंशी लाख डॉलर दंड ठोकला, मुद्दाम लपवलं म्हणून तिप्पट. अपिलं करत करत २०२२ उजाडलं आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायम ठेवला. घटनादुरुस्ती नाही, कंपनी माणूस आहे की नाही हा वाद नाही, नाव का लपवलंस एवढंच.

आणि दुसरं सिएटल शहरात. मी रेडमंडची म्हणून मला मिळत नाही पण बॅलर्डला मीनल राहते तिला मिळतात, डेमोक्रसी व्हाउचर, आवडेल त्या उमेदवाराला द्यायची, २५ डॉलरची चार. तिथे २०१५ लाच लोकांनी मताने आणली, खर्च घरपट्टीत थोडी वाढ करून. मीनलकडे ग्रीनकार्ड आहे, मत नाही, पण व्हाउचर देता येतं, त्यामुळे नगरसेवकपदाचे उमेदवार तिच्या दारात येऊन चहा पितात, तिला भारी मजा वाटते.

२०१९ ला तिथे जे झालं ते मात्र वाचलं असेल तुम्ही, कारण त्यात नगरसेविका क्षमा सावंत होत्या, जन्म पुण्याचा आणि लहानपण मुंबईचं. आदल्या वर्षी नगरपालिकेने मोठ्या कंपन्यांवर माणशी २७५ डॉलर टॅक्स लावला होता, बेघर लोकांच्या घरांसाठी, आणि कंपन्यांनी असा काही गलका केला की महिन्याभरात तोच ठराव मागे घेतला. मग निवडणूक आली तेव्हा ॲमेझॉनने चेंबर ऑफ कॉमर्सच्या, म्हणजे धंदेवाल्यांच्या संघटनेच्या, समितीला साधारण १५ लाख डॉलर दिले, त्यातले दहा लाखांच्या वर शेवटच्या महिन्यात एका झटक्यात. नगरपालिकेच्या निवडणुकीला! पण नाव उघड होतं ना, आयोगाच्या साइटवर त्याच दिवशी दिसलं, पेपरात आलं, आणि लोक भडकले. पहिल्या रात्री सावंतबाई मागे होत्या, पोस्टाची मतं आठवडाभर मोजत राहतात, त्यात त्या वर आल्या. चेंबरने पाठिंबा दिलेल्या सातपैकी दोनच निवडून आले. मी काही त्यांची भक्त नाही, त्यांचं बोलणं मला कर्कश वाटतं, आणि गेल्या वर्षी जातिभेदविरोधी ठराव केला त्यावरून इथल्या आपल्याच लोकांत व्हॉट्सॲपवर जी भांडणं झाली ती तर सांगतच नाही. पण त्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी मोजणी बघत होते हे खरं.

नंतर जानेवारी २०२० ला सिएटलने वेगळीच वाट काढली. परदेशी माणसाने अमेरिकेतल्या निवडणुकीत पैसे देणं गुन्हा आहेच, मग ज्या कंपनीत एका परदेशी मालकाचे १ टक्का किंवा सगळ्या परदेशी मालकांचे मिळून ५ टक्के शेअर आहेत तिनेही शहराच्या निवडणुकीत खर्च करायचा नाही. मोठी कुठली कंपनी त्यातून सुटणार? ॲमेझॉन बसलं घरी. आता तुम्ही म्हणाल मग पैसेवाल्यांचं पर्व संपलं, तर नाही, कंपनी बसली तरी कंपन्यांचे मालक वैयक्तिक नावाने देतात, आणि गेल्या वर्षी धंदेवाल्यांच्या पसंतीचेच बरेच नगरसेवक आले. पण लोकांनी नावं बघून निवडले, ते ठीक आहे मग.

तर आता तुमच्या प्रश्नावर येते. बाँडमध्ये वाईट काय होतं? कंपनीने पैसे दिले हे तर आपल्याकडे कायमच चालत आलंय. १९५७ ला टाटा स्टीलने पक्षांना देणगी देता यावी म्हणून आपल्या नियमावलीत बदल मागितला तेव्हा आपल्या मुंबई हायकोर्टात छागला साहेबांनी परवानगी दिली पण लिहून ठेवलं की हा धोका वाढत जाईल आणि लोकशाहीचा गळा आवळेल, संसदेने याच्याकडे बघावं. पुढे १९६९ ला इंदिराबाईंनी बंदी घातली, १९८५ ला उठली, मग नफ्याच्या अमुक टक्के अशी मर्यादा आली, शेवटी साडेसात टक्के होती. २०१७ ला ती पण काढली, तोट्यातल्या कंपनीलाही देता येईल अशी सोय केली, आणि वर बाँड, म्हणजे देणारा कोण ते बँकेला माहीत, बँक सरकारची, पण तुम्हाला आम्हाला नाही. चंद्रचूड साहेबांच्या पाच जणांच्या बेंचने १५ फेब्रुवारीला दोन्ही रद्द केलं, गुप्तताही आणि बिनमर्यादा देणगीही. आणि त्यात असंही म्हटलंय की माणसाने दिलेली देणगी आणि कंपनीने दिलेली यांना एकाच मापाने मोजता येत नाही, कंपनी देते ती धंद्याचा व्यवहार म्हणून देते. आण्णा, हे वाचून मी सचिनला हाक मारून दाखवलं. इथे ६३ टक्के लोकांनी सह्या करून, मतं देऊन, हात जोडून जे मागितलं आणि आठ वर्षं होत आली तरी मिळालं नाही, ते तुमच्याकडे कोर्टाने एका सकाळी म्हणून टाकलं.

पण म्हणून आमचं वाईट आणि तुमचं चांगलं असंही नाही. इथेही नाव लपवायच्या वाटा आहेत, समाजसेवी संस्था काढायची, तिला देणगीदार जाहीर करायची सक्ती नाही, ती सुपर पॅकला देते, डार्क मनी म्हणतात त्याला, तो आपल्या बाँडचाच सख्खा भाऊ. आणि तुमच्याकडे स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे निवडणूक उरकल्यावर, ती कोर्टाने दिली नाही म्हणून याद्या आल्या, नाहीतर बसलो असतो. लॉटरीच्या कंपनीने तेराशे अडुसष्ट कोटींचे बाँड घेतले हे आपल्याला मार्चमध्ये कळतंय आणि मतदान मेमध्ये आहे, आता ते वाचून कोणी मत बदलेल की नाही ते तुम्हीच सांगा, तुम्हाला गावातलं जास्त कळतं. माझ्या मते कोर्टाने दार उघडलंय पण आपल्याकडे तो १९७२ सारखा कायदा, नाव ताबडतोब, साइटवर, लपवलं तर तिप्पट दंड, तो अजून कुठेय? रोख रक्कम तर बाँडच्या आधीही होतीच आणि आताही बॅगा फिरतच असतील. त्यामुळे हुरळून जाऊ नका, पण कंपन्यांच्या चोरीचं खापर कोर्टावरही फोडू नका, तुम्ही रविवारी फोडत होतात तसं.

आई, तुझ्यासाठी वेगळं लिहीन, एवढं राजकारण वाचून तू वैतागली असशील. मुलं बरी आहेत, ईशानचा दात पडला. पाडव्याला श्रीखंड घरीच करणार आहे, चक्का इथे ग्रीक दह्याचा बरा होतो.

आणि आण्णा, एक काम. ओम म्हणाला की आपल्या मतदार यादीत माझं नाव अजून आहे, लग्नाआधीच्या आडनावाने. मी आता भारताची नागरिक नाही, ते नाव तिथे राहणं बरोबर नाही, उगाच कोणीतरी माझ्या नावाने बटण दाबून यायचं. यादीचं काम बघणारे बीएलओ तुमच्या ओळखीचेच असतील, त्यांना सांगून नाव काढायचा फॉर्म ७ भरून टाका, माझ्या सहीचं काही लागलं तर कळवा, मी स्कॅन करून पाठवते. ७ मेला तुम्ही दोघं सकाळी लवकर जाऊन या, उन्हात नको.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
वैशू